लेझर कापण्याआधी: चित्राची फाईल कशी तयार होते



नाताळच्या झाडाला लावायचे लाकडी तारे, दारावरच्या नावाच्या पाट्या, वारली चित्रांची दिव्याची आवरणे अशा वस्तूंबद्दल आपल्या मंडळ्यांतून नेहमी एक प्रश्न येतो : "हे तर मशिन कापते. मग यात पाड्यावरच्या मुलांचे काम काय?" त्याच्या जोडीला दुसराही येतो : "आम्ही वर्गणी काढून एक मशिन घेऊन दिले तर?" दोन्ही प्रश्न आपुलकीने विचारलेले असतात, म्हणून त्यांचे उत्तर नीट द्यायला हवे.

मुलांचे मुख्य काम मशिन सुरू होण्याच्या आधीच झालेले असते. ते काम म्हणजे फाईल तयार करणे. आपल्या वर्गात तरुण-तरुणी जे शिकतात, त्यातला सर्वांत मोठा भाग हाच आहे. तो कसा असतो हे या लेखात क्रमाने सांगतो. संगणकाची फारशी ओळख नसलेल्यांनाही समजावे असा प्रयत्न केला आहे. मंडळीसाठी किंवा घरासाठी ज्यांना ऑर्डर द्यायची आहे, त्यांच्यासाठी शेवटी काही सूचना दिल्या आहेत.

मशिनला काय समजते

लाकूड, जाड कागद आणि अ‍ॅक्रिलिक कापणाऱ्या बहुतेक मशिनांत कार्बन डायऑक्साइड लेझर असतो. हा लेझर १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल या शास्त्रज्ञांनी शोधून काढला. त्यांचा जन्म आपल्या बारामतीचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे, ही गोष्ट मुलांना सांगितली की वर्गात जरा वेगळीच शांतता पसरते.

या लेझरचा किरण डोळ्यांना दिसत नाही. आरशांवरून वळवून तो एका भिंगातून खाली सोडतात. भिंगाखाली तो अगदी बारीक बिंदूवर एकवटतो आणि त्या जागचे लाकूड क्षणात जळून जाते. हा बिंदू जसा सरकेल तशी चीर पडत जाते. म्हणजे मशिनला फक्त एवढेच सांगावे लागते : इथून सुरू कर, तिथपर्यंत जा, इतके वळण घे.

मोबाईलवर काढलेल्या फोटोत ही माहिती नसते. फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची दाट पेरणी. तो मोठा करत गेलो की चौकोनी ठिपके दिसू लागतात. रेषा कुठेच सापडत नाही. लेझरला लागते ती व्हेक्टर फाईल. ठिपक्यांच्या रांगोळीची आठवण ठेवली तर फरक चटकन कळतो. पूर्ण झालेल्या रांगोळीचा फोटो ही एक गोष्ट, आणि "तिसऱ्या ठिपक्यापासून पाचव्यापर्यंत सरळ, मग डावीकडे वळण" असे शेजारच्या काकूंनी सांगणे ही दुसरी. व्हेक्टर फाईल म्हणजे काकूंचे सांगणे. ती कितीही मोठी किंवा लहान केली तरी रेषा तितकीच स्वच्छ राहते.

फोटोवरून लाकडावर नक्षी कोरता येते. तेव्हा मशिन ओळीमागून ओळ पुढेमागे फिरते आणि गडद जागी जास्त जाळते. पण आरपार कापायचे असेल तर रेषा हवीच. आणखी एक गैरसमज आहे. फोटो पीडीएफमध्ये घालून पाठवला म्हणून त्याच्या रेषा होत नाहीत. तो पीडीएफमधला फोटोच राहतो. कामाच्या फाईली बहुधा एसव्हीजी, डीएक्सएफ किंवा कोरलड्रॉच्या सीडीआर प्रकारात असतात. आपल्या वर्गात इंकस्केप हे सॉफ्टवेअर वापरतात. ते २००३ पासून उपलब्ध आहे आणि पूर्णपणे मोफत आहे, त्यामुळे मुलगी शिकून घरी गेली तरी तिला परवान्याचे पैसे भरावे लागत नाहीत.

हाताचे चित्र संगणकात आणणे

वारली चित्र मुळात गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूची काडी ठेचून केलेल्या कुंचल्याने काढतात. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणि जगभर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. लेझरसाठी मात्र चित्र पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने काढून घेतो, कारण संगणकाला काळे-पांढरे जितके स्पष्ट, तितकी रेषा नीट मिळते.

चित्र स्कॅनरवर इंचाला ३०० ठिपके या बारकाईने घेतात. फोटो काढायचाच असेल तर कागद सपाट ठेवून, कॅमेरा बरोबर वर धरून, सावली न पाडता काढतात. मग इंकस्केपमधील 'ट्रेस बिटमॅप' ही आज्ञा देतात. ती काळ्या भागाच्या कडेकडेने रेषा ओढून देते. त्यानंतर खाली राहिलेला मूळ फोटो काढून टाकायचा असतो. तो राहिला तर मशिन त्याचीही नक्षी कोरायला घेते.

इथून मेहनत सुरू होते. ट्रेस करताना कागदावरचा प्रत्येक कण, शाईचा प्रत्येक शिंतोडा एकेक आकार बनून येतो. एका नर्तकाच्या आकृतीवर शेकडो बिंदू येतात. बिंदू फार झाले तर मशिन अडखळत चालते आणि कडा करपते. 'सिम्प्लिफाय' ही आज्ञा बिंदू कमी करते, पण ती सारखी वापरली की आकृती गुळगुळीत होत जाते. हाताने काढलेल्या वारली रेषेत थोडा कंप असतो, दोन नर्तक कधीच अगदी सारखे नसतात, आणि चित्राचा जीव त्यातच असतो. म्हणून वर्गात नियम असा : शिंतोडे काढा, हात ठेवा. एक नर्तक काढून त्याच्या वीस नकला चिकटवायच्या नाहीत. वीस हवे असतील तर वीस काढायचे.

कंबर, हात आणि साखळी

वारली माणूस दोन त्रिकोणांचा असतो. वरचा उलटा, खालचा सुलटा, आणि दोघांची टोके कंबरेत एका ठिपक्यावर भेटतात. भिंतीवर हे सुंदर दिसते. ३ मिलिमीटर प्लायमधून हीच आकृती जशीच्या तशी कापली, तर कंबरेत लाकूडच उरत नाही आणि माणसाचे दोन तुकडे होतात. हातपाय काडीसारखे बारीक. तेही बोट लागताच मोडतात.

म्हणून फाईलमध्ये कंबर किमान २ मिलिमीटर रुंद करावी लागते आणि हातापायांनाही तेवढी जाडी द्यावी लागते. रेषा संगणकावर पेनने ओढलेली असेल तर आणखी एक अडचण येते. पडद्यावर ती जाड दिसते, पण मशिन तिच्या मधोमध एकदाच कापत जाते, कारण त्याला रेषेची जाडी कळत नाही. अशा वेळी 'स्ट्रोक टू पाथ' ही आज्ञा देऊन रेषेचे रूपांतर दोन कडा असलेल्या आकारात करतात. मग डोके, धड, हात, पाय हे सगळे आकार निवडून 'युनियन' ही आज्ञा द्यायची. तसे केले नाही तर खांद्याशी हात आणि धड जिथे एकमेकांवर चढतात, तिथेही मशिन कापते आणि हात गळून पडतो.

दुसरा मार्ग आकृती उलटी कापण्याचा. नर्तक लाकडाचा न ठेवता नर्तकाच्या आकाराचे भोक पाडायचे. दिव्याच्या आवरणासाठी हे उत्तम, कारण उजेड नर्तकांतून बाहेर येतो आणि नाजूक हातपाय मोडण्याचा प्रश्नच राहत नाही. पण इथे वेगळे भान लागते. तारपा नाचात नर्तक एकमेकांना धरून गोल फेर धरतात. तो फेर भोकांच्या सलग साखळीने पूर्ण बंद झाला, तर मधला सगळा भाग, तारपा वाजवणाऱ्यासकट, सुटून खाली पडेल. फेर उलगडत्या वळणाचा ठेवला तर मधला भाग एका बाजूने जोडलेला राहतो, तरी तो लोंबतो. म्हणून दर चार-पाच नर्तकांमागे हातांच्या साखळीत थोडे लाकूड शिल्लक ठेवतात. त्याला आम्ही पूल म्हणतो. पूल कुठे ठेवायचा हे चित्र काढणारीच चांगले सांगू शकते, कारण फेर कुठे तोडलेला खपेल हे तिला माहीत असते.

मराठी अक्षरांचे सोपे आणि अवघड

नावाच्या पाट्या आणि शुभेच्छांचे शब्द यांना फार मागणी असते. देवनागरीची शिरोरेषा इथे आपल्या मदतीला येते. रोमन लिपीत प्रत्येक अक्षर सुटे पडते; मराठी शब्द शिरोरेषेला टांगलेला राहतो आणि एका तुकड्यात निघतो. मात्र त्यासाठी काही पायऱ्या पार कराव्या लागतात.

पहिली पायरी शुद्धलेखन तपासण्याची. दुसरी 'ऑब्जेक्ट टू पाथ' या आज्ञेची. तिने अक्षरांचे आकार होतात. यानंतर मजकूर टाइप करून बदलता येत नाही, म्हणून तपासणी आधी. ही आज्ञा न देता फाईल दुसऱ्या संगणकावर नेली आणि तिथे तोच फॉन्ट नसेल, तर अक्षरे बदलतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केले असेल तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. पाळकसाहेबांच्या निवृत्तीच्या पाटीवर तशी खिचडी कोरली गेली तर काय होईल याची कल्पना आपण करू शकता.

तिसरी पायरी पुन्हा 'युनियन'. पडद्यावर शिरोरेषा सलग दिसते, पण बहुतेक फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची स्वतःची शिरोरेषा असते आणि तिची टोके शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असतात. ती एकत्र केली नाहीत तर मशिन प्रत्येक सांध्यावर चिरा पाडते आणि शब्द सुट्या अक्षरांचा होतो.

चौथी गोष्ट सुट्या खुणांची. 'शांती' हा शब्द कापला तर अनुस्वाराचा टिंब कुठेच टेकलेला नसतो. तो राखेच्या ट्रेमध्ये पडतो आणि हातात 'शाती' येते. टिंब थोडा खाली ओढून मात्रेला किंवा शिरोरेषेला चिकटवावा लागतो, किंवा शब्दामागे एक पातळ पाटी द्यावी लागते. 'प्रेम' या शब्दाला हा त्रास नाही. पण तोच शब्द भोकांच्या रूपात कापायचा असेल तर 'प' आणि 'म' यांच्या पोटातले लाकूड गळून पडते आणि अक्षर ओळखू येत नाही. मग तिथे पूल द्यायचा. कोणत्या शब्दाला कोणती पद्धत चालेल याचा विचार मुले आता ऑर्डर वाचतानाच करतात.

माप : शंभर मिलिमीटरचा चौकोन

फाईल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना माप बदलू शकते. कारण साधे आहे. काही सॉफ्टवेअर एका इंचात ७२ भाग धरतात, काही ९६. इंकस्केपच्या जुन्या आवृत्त्या ९० धरत, नव्या ९६ धरतात. त्यामुळे जुन्या हिशेबातला १०० मिलिमीटरचा चौकोन नव्यात ९३.७५ मिलिमीटरचा भरू शकतो, आणि ७२ च्या हिशेबातला ७५ चा. डीएक्सएफ फाईलमध्ये तर कधीकधी नुसते आकडे असतात. ते मिलिमीटर की इंच हे उघडणाऱ्याने ठरवायचे.

तारा थोडा लहान झाला तर कोणी तक्रार करणार नाही. पण खाचेत खाच बसणारी वस्तू असेल तर सगळे वाया जाते. यावर उपाय सोपा. प्रत्येक फाईलच्या कोपऱ्यात बरोबर १०० मिलिमीटरचा एक चौकोन वेगळ्या रंगात काढून ठेवायचा. दुकानात फाईल उघडल्यावर आधी तो चौकोन मोजायचा. तो १०० भरला की बाकीचे बरोबर आहे असे समजायचे आणि चौकोन पुसून काम सुरू करायचे. हे काम अर्ध्या मिनिटाचे असते.

किरण स्वतः किती खातो

करवतीच्या पात्याने जसा भुसा पडतो, तसा लेझरही थोडे लाकूड खातो. त्या चिरेच्या रुंदीला कर्फ म्हणतात. ३ मिलिमीटर प्लायमध्ये ती साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटर असते. किरण रेषेच्या मधोमध चालतो, म्हणून अर्धी चीर रेषेच्या आत आणि अर्धी बाहेर पडते. त्यामुळे कापलेला तुकडा काढलेल्या मापापेक्षा कर्फइतका लहान भरतो, आणि भोक किंवा खाच तेवढीच मोठी.

गव्हाणीच्या देखाव्याचे उदाहरण घेऊ. गोठ्याच्या भिंती, छप्पर आणि तळ हे सगळे गोंदाशिवाय खाचांमध्ये बसवायचे आहे. बाजारात ३ मिलिमीटर म्हणून मिळणारी प्लाय व्हर्नियर कॅलिपरने मोजली तर २.८ भरली. कर्फ ०.२ आहे. तर फाईलमध्ये खाच किती रुंद काढायची? २.८ मधून ०.२ वजा करून २.६. कापल्यावर ती २.८ होते आणि दुसरी पाटी घट्ट बसते. ३ काढली असती तर खाच ३.२ झाली असती आणि गोठा डुगडुगला असता. दहावी गणितात नापास झालेली मुलेही ही वजाबाकी चुकवत नाहीत. प्रत्येक नव्या पाटीवर एका कोपऱ्यात २.५, २.६, २.७ अशा तीन खाचा कापून पाहायच्या आणि जी नीट बसेल ती ठेवायची, ही सवय त्यांना लावली आहे.

रंगांची भाषा आणि कापण्याचा क्रम

फाईलमधले रंग लाकडावर उमटत नाहीत. ते मशिनसाठीच्या सूचना असतात. आपल्या वर्गात लाल म्हणजे आरपार कापणे, निळा म्हणजे वरवर रेघ मारणे, काळा म्हणजे नक्षी कोरणे. दुकानदाराची पद्धत वेगळी असली तर फाईलसोबत दोन ओळींची चिठ्ठी देतो. मशिनच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक रंगाला वेग आणि शक्ती ठरवून देतात.

क्रमही ठरलेला असतो : आधी कोरणे, मग आतली भोके, शेवटी बाहेरची कड. बाहेरची कड आधी कापली तर तुकडा सुटून किंचित सरकतो, आणि मग आतली भोके वाकडी पडतात. ताऱ्याला दोरा ओवायचे भोक कडेबाहेर गेलेले दिसले तर बहुधा क्रम चुकलेला असतो.

दुकानात नेण्याआधी दोन दोष शोधावे लागतात. एक, दुहेरी रेषा. नक्कल करताना एकावर एक दोन रेषा बसल्या तर पडद्यावर एकच दिसते, पण मशिन दोनदा कापते. कड करपते आणि वेळ दुप्पट लागतो. एका नक्षीत ३ मीटर लांबीच्या रेषा आहेत आणि मशिन सेकंदाला १५ मिलिमीटर चालते असे धरले तर कापायला २०० सेकंद लागतात. रेषा दुहेरी असतील तर ४००. जॉबवर्कची बहुतेक दुकाने मिनिटावर पैसे घेतात, हे लक्षात घेतले की या दोषाची किंमत कळते. दुसरा दोष म्हणजे उघडी रेषा. आकार जवळजवळ बंद आहे, पण केसाएवढी फट आहे. तुकडा तिथे चिकटून राहतो आणि ओढून काढताना प्लायचा पापुद्रा निघतो. इंकस्केपमध्ये 'आउटलाइन' दृश्य लावले की सगळे रंग आणि जाड्या जातात व नुसत्या बारीक रेषा दिसतात. त्यात हे दोष शोधणे सोपे जाते.

पाटीवर जागा वाचवणे

प्लायवरच आपला सर्वांत जास्त खर्च होतो, म्हणून मांडणीवर बराच वेळ देतो. समजा पाटी ६०० बाय ४०० मिलिमीटरची आहे आणि चारी बाजूंनी १० मिलिमीटर मोकळे सोडले. उरले ५८० बाय ३८०. तारा ७० मिलिमीटरचा. दोन ताऱ्यांत ३ मिलिमीटर अंतर ठेवले तर आडव्या ओळीत आठ तारे मावत नाहीत; त्यांना ५८१ मिलिमीटर लागतात. सातच बसतात, आणि पाच ओळींत ३५ होतात. अंतर २ मिलिमीटर केले तर आठ ताऱ्यांना ५७४ लागतात, ते मावतात, आणि त्याच पाटीत ४० तारे निघतात. ३ मिलिमीटर प्लायला २ मिलिमीटर अंतर पुरते. एका मिलिमीटरच्या विचाराने दर पाटीमागे पाच तारे जास्त मिळाले.

काय कापायचे नाही

पीव्हीसी, रेक्झिन आणि ज्यात क्लोरीन आहे असे कोणतेही प्लास्टिक लेझरवर ठेवायचे नाही. त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसांना घातक आहे आणि मशिनचे लोखंडही गंजवतो. कुणी "घरात पडलेले रेक्झिन वापरा" म्हणून देऊ केले तर आम्ही नम्रपणे परत करतो. कशाचे बनलेले आहे हे माहीत नसलेली पाटीही घेत नाही. मशिन चालू असताना कोणीतरी जवळ उभे असलेच पाहिजे, कारण लाकूड पेट घेऊ शकते. फाईल करणाऱ्यालाही हे माहीत हवे. खूप जवळजवळच्या रेषा एकाच जागी सलग कापायला लावल्या तर उष्णता साठते आणि आगीचा धोका वाढतो.

मग मशिन का घेत नाही?

गावाकडे असे तंत्र चालत नाही असे मुळीच नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ साली फॅब लॅब सुरू झाली. अमेरिकेतील एमआयटीच्या बाहेरची ती पहिली मानली जाते. पण मशिनला स्थिर वीज लागते, नळी थंड ठेवायला सतत फिरते पाणी लागते, धूर बाहेर नेण्याची सोय लागते आणि नळी काही काळाने बदलावी लागते. आपल्या पाड्यांवर पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. मध्येच वीज गेली तर ती पाटी वाया जाते. ठाणे, वसई, नाशिक अशा ठिकाणी जॉबवर्क करणारी दुकाने आहेत. चांगली फाईल घेऊन गेलेली मुलगी तिथे अर्ध्या दिवसात महिन्याभराच्या ऑर्डरी कापून आणते.

वाईट फाईल घेऊन जाणाऱ्याकडून दुकान फाईल दुरुस्तीचे वेगळे पैसे घेते. असे काम आता आपल्याच दोन मुली एका दुकानासाठी घरी बसून करतात. कापणीचे काम मशिनच्या मालकाचे, पण फाईलचे कौशल्य त्यांचे स्वतःचे आहे. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेल्या तरी ते त्यांच्याबरोबर जाईल. म्हणून सध्या वर्गणीचा उपयोग मशिनपेक्षा शिक्षणावर करावा असे आम्हांला वाटते.

फाईल कोणाची?

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भिंतीवरचे चित्र पावसाळ्यात पुसले जाते आणि पुन्हा काढावे लागते. फाईल मात्र कधी पुसली जात नाही. एकदा ती कुणाच्या मोबाईलवर गेली की तिच्यावरून हजारो वस्तू कापता येतात आणि जिच्या हाताने चित्र काढले तिला एक रुपयाही मिळत नाही. शहरातल्या दुकानांत वारली नक्षीच्या वस्तू भरपूर दिसतात. त्या कोणत्या वारली हातांनी काढल्या हे बहुधा कोणाला सांगता येत नाही. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, पण एकेका चित्राची राखण आपल्यालाच करावी लागते.

म्हणून आपल्याकडे तीन नियम आहेत. प्रत्येक फाईलमध्ये चित्र काढणाऱ्याचे नाव लिहिलेले असते आणि वस्तूच्या मागे ते कोरले जाते. त्या चित्रावरून जितक्या वस्तू विकल्या जातील तितक्यांवर तिला वाटा मिळतो, फक्त पहिल्या वेळी नव्हे. आणि मूळ फाईल ग्राहकाला दिली जात नाही; दुकानातही काम झाल्यावर ती संगणकावरून काढून टाकायला सांगतो.

चौथी गोष्ट नियमापेक्षा आदराची आहे. वारली लग्नात भिंतीवर चौक काढतात. त्यात पालघट देवीची आकृती असते आणि तो काढण्याचा मान सवाशिणींचा. चहाच्या कपाखाली ठेवायच्या चकत्यांवर ती नक्षी छापून द्या, अशी मागणी आली होती. घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांनी नको म्हटले आणि आम्ही ती घेतली नाही. आपली श्रद्धा वेगळी असली तरी दुसऱ्याच्या घरातले पवित्र ते सजावट म्हणून विकायचा हक्क आपल्याला नाही. शेत, मासेमारी, झाडे, मोर, तारपा नाच अशी विपुल चित्रे आहेत, आणि ती मुली आनंदाने काढतात.

ऑर्डर देताना

मंडळीचा वर्धापनदिन, लग्न, नाताळ यांसाठी वस्तू हव्या असतील तर एवढे कळवावे :

१. वस्तूचे माप मिलिमीटर किंवा सेंटिमीटरमध्ये. "हाताएवढे" म्हटले की कोणाचा हात हा प्रश्न उरतो.

२. मजकूर हाताने लिहून न पाठवता युनिकोड मराठीत टाइप करून. नावांचे ऱ्हस्व-दीर्घ आपणच तपासून द्यावे.

३. मंडळीचे बोधचिन्ह असल्यास मूळ व्हेक्टर फाईल. ज्यांनी लेटरहेड छापले त्या मुद्रकाकडे ती बहुधा असते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो असेल तर तो नव्याने काढावा लागतो, त्याला वेळ लागतो. फाईल व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवायची असेल तर ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी.

४. कापायचे की कोरायचे, टांगायचे की उभे ठेवायचे.

५. नाताळची ऑर्डर ऑक्टोबर संपण्याआधी. नमुना एक कापून, आपल्याला दाखवून, मगच बाकीचे कापतो.

मदत करू इच्छिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी आहेत. ज्यांनी ड्राफ्ट्समन, मुद्रक किंवा डीटीपीचे काम केले आणि आता निवृत्त आहेत, त्यांनी सुट्टीत आठवडाभर वर्गात बसून मुलांच्या फाईली तपासल्या तर फार उपयोग होईल. आणि चालू स्थितीतला, आपल्याला नको झालेला लॅपटॉप किंवा एखादा व्हर्नियर कॅलिपर असेल तर तो द्यावा. सध्या वर्गात एकच कॅलिपर आहे आणि तो सारखा हातोहात फिरत असतो.